दस्त्यावरचा काचेसारखा थर उतरवताना: रेमिंग्टन ७०० बीडीएलचे उदाहरण

रेमिंग्टन ७०० बीडीएल या रायफलीचा साठ-सत्तरच्या दशकातला दस्ता, म्हणजे नळी जिच्यात बसते ती लाकडी बैठक, हातात घेतला, की बोटांना आधी लागतो तो त्यावरचा जाड, चकचकीत, काचेसारखा थर. अक्रोडाचे लाकूड त्याच्या खाली कुठेतरी असते. ही रायफल १९६२ मध्ये बाजारात आली. त्या काळात रेमिंग्टन कंपनी ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या ताब्यात होती, आणि दस्त्यावरचे ‘आर.के.डब्ल्यू.’ हे फिनिशही तिथल्याच रसायनज्ञांनी दिलेले होते. बोलिंगच्या खेळातल्या पिनांवर जो लेप देतात त्याच्याशी याचे नाते सांगितले जाते, आणि ज्याने एकदा हा थर काढायचा प्रयत्न केला आहे त्याला ते सहज पटते. नवा असताना हा थर पाऊस, बर्फ, घाम सगळे परतवतो. मात्र पन्नास वर्षांनी तो पिवळा पडतो, मागच्या रबरी पॅडजवळ आणि बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणाऱ्या लोखंडी दांड्याच्या) खाचेजवळ त्याला केसासारख्या भेगा जातात, भेगांतून पाणी शिरते आणि लाकडापासून सुटलेला थर आतून पांढरट दिसू लागतो. अशा जागी नुसता नवा हात मारून भागत नाही, कारण या थराला वरून लावलेले दुसरे काही नीट धरत नाही. तो पूर्ण उतरवावा लागतो.

मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात राहतो. हरणांच्या शिकारीचा मोसम संपला, की ओळखीच्या लोकांचे असे दस्ते माझ्याकडे येतात. आजवर नऊ दस्ते उतरवले. पहिल्या दस्त्यावर मी थराबरोबर लाकूडही घालवले. मागच्या कडा गोल झाल्या आणि पॅड लाकडाबाहेर डोकावू लागले. ते लाकूड परत आणता येत नाही. पुढचे सगळे त्याच धड्यावर उभे आहे: उतरवायचे आहे ते फिनिश, लाकूड नव्हे.

आधी ठरवावे: उतरवायचे की नाही

हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. १९६४ पूर्वीची विंचेस्टर मॉडेल ७० किंवा शिक्के शाबूत असलेली लष्करी एम१ गॅरंड यांसारख्या बंदुकांची संग्राहकांच्या लेखी असलेली किंमत मूळ फिनिशमध्ये असते. लष्करी दस्त्यावर तपासनिसाचा जो ठसा असतो तो लाकडात जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असतो आणि पॉलिश पेपरच्या दहा फेऱ्यांत कायमचा जातो. अशा दस्त्याला स्वच्छ कापड आणि थोडे मेण पुरे. रोज वापरातली, लाखोंनी बनलेली बीडीएल असेल तर संकोच करण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट लाकडाची. स्वस्त बंदुकांचे दस्ते बऱ्याचदा बर्च किंवा बीचचे असतात आणि अक्रोडाचा रंग फिनिशमध्येच मिसळलेला असतो. थर उतरला की खाली फिकट, जवळजवळ पांढरे लाकूड निघते आणि मालक हिरमुसतो. पॅडखालचे किंवा नळी बसते त्या पन्हळीतले उघडे लाकूड पाहिले की हे आधीच कळते. अक्रोड तिथेही तपकिरीच असतो.

सोडवणे

बंदूक रिकामी आहे हे चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागी) डोळ्याने पाहून आणि करंगळी घालून, असे दोनदा तपासावे. काडतुसे त्या खोलीत नकोत. बोल्ट काढून वेगळा ठेवावा. मग खालचे स्क्रू खाचेत घट्ट बसणाऱ्या, समांतर पात्याच्या स्क्रूड्रायव्हरने सोडवावेत. घरातला साधा निमुळता स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या डोक्याची खाच खातो. नळीसकट लोखंडी भाग सरळ वर उचलून घ्यावा, तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळून ठेवावा. रबरी पॅड, पट्ट्याच्या कड्यांचे खुंट, चाप-गार्ड, सगळे काढावे आणि प्रत्येक स्क्रू कुठला ते लिहिलेल्या पुडीत ठेवावा.

लोखंड बाहेर आल्यावर ते जिथे लाकडाला टेकते तिथे गंज आहे का, हे जरूर पाहावे. साठच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे ब्राउनिंगच्या अनेक बंदुकांना मिठाने वाळवलेले अक्रोड वापरले गेले आणि ते लाकूड आजही लोखंड आतून खात राहते. तसे लाकूड निघाले तर फिनिश उतरवण्याची मेहनत व्यर्थ आहे. दस्ता बदलणेच योग्य.

भारतातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीच्या कामालाही परवाना लागतो. तेव्हा दस्ता लोखंडापासून वेगळा करणे आणि पुन्हा बसवणे परवानाधारक शस्त्र-कारागिराकडूनच करून घ्यावे. लाकडाविषयी पुढे जे लिहिले आहे ते मात्र पीयू (पॉलियुरेथेन) मारलेल्या सागवानी खुर्चीच्या हातालाही तसेच लागू पडते.

थर कशाचा आहे?

पॅडखाली लपणाऱ्या कडेवर चाचणी घ्यावी. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एक मिनिट दाबून धरावा. थर चिकट होऊन बोळ्याला लागला तर ते लाखेचे पॉलिश, म्हणजे आपल्याकडचे सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून जे मारतात तेच. स्पिरिटने काही झाले नाही तर लॅकर थिनरने पाहावे. थर विरघळला तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. हे दोन्ही त्यांच्याच द्रावकाने तासाभरात पुसून निघतात, त्यांच्यासाठी पुढचा खटाटोप नको. दोन्हींना दाद न देणारा थर म्हणजे पॉलियुरेथेन किंवा रासायनिक क्रियेने घट्ट झालेले तत्सम फिनिश. आर.के.डब्ल्यू. याच जातीचे वागते.

याचे कारण समजून घेतले तर पुढचे काम सोपे जाते. लाखेचे रेणू नुसते एकमेकांवर रचलेले असतात. द्रावक मध्ये शिरला की ते सुटे होतात. पॉलियुरेथेनचे रेणू एकमेकांना जाळीसारखे बांधलेले असतात. जाळी विरघळत नाही, फार तर फुगते. फुगली की लाकडावरची पकड सोडते आणि सुरकुतून वर येते. म्हणून रिमूव्हरला, म्हणजे थर सोडवणाऱ्या रसायनाला, हवा असतो तो वेळ, आणि तेवढा वेळ त्याने ओले राहायला हवे. घासण्याचा जोर इथे उपयोगाचा नाही.

रिमूव्हर

जुने लोक मिथिलीन क्लोराइड असलेल्या रिमूव्हरची आठवण काढतात. तो वीस मिनिटांत काम करायचा हे खरे आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद खोलीत जमिनीलगत साठते, आणि श्वासातून गेलेले हे द्रव्य शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार करते. बंद न्हाणीघरात टबचा रंग काढताना अमेरिकेत कामगार मेले आहेत. इथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर बंदी आणली आणि २०२४ मध्ये इतर बहुतेक वापरांवरही. भारतात रंगाच्या दुकानातला डबा घेताना लेबल वाचावे. हे नाव दिसले तर माझा सल्ला स्पष्ट आहे: घेऊ नये.

हल्ली मिळतो तो बहुधा बेंझिल अल्कोहोलचा जेल. तो मंद आहे, म्हणून त्याला रात्र द्यावी. ओव्हन साफ करण्याचा फवारा किंवा कॉस्टिक सोडा वापरण्याची युक्ती बरेच जण सांगतात. ती टाळावी. अल्कलीमुळे अक्रोडातले टॅनिन काळवंडते, लाकडाचे रेषे भुसभुशीत होतात. हीट गनही मी वापरत नाही, कारण पॉलियुरेथेन तापून निघणारा धूर विषारी असतो आणि पातळ कडा क्षणात करपते.

लावण्यापूर्वी झाकायचे काय ते झाकावे. बीडीएलच्या पुढच्या टोकाला काळी प्लास्टिकची टोपी असते आणि तिच्या व लाकडाच्या मध्ये पांढरी पट्टी. पकडीखालच्या टोपीलाही तशीच पट्टी असते. रिमूव्हर या प्लास्टिकला मऊ करून त्यावर सुरकुत्या पाडतो, आणि कागदी मास्किंग टेपचा गोंद तर तो अर्ध्या तासात सोडवतो. म्हणून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी, तीही दुहेरी, आणि पट्टीपासून सुमारे एक सेंटिमीटर लाकूड रिमूव्हरविना कोरडेच सोडावे. तेवढा पट्टा नंतर खरवडून काढता येतो.

काम उघड्यावर किंवा दारे-खिडक्या सताड उघडलेल्या गॅरेजमध्ये, विस्तवापासून दूर करावे. चष्मा हवा, आणि हातमोजे लेबलवर सांगितलेल्या प्रकारचेच हवेत. दवाखान्यातले पातळ निळे मोजे इथे टिकत नाहीत.

जेल जुन्या ब्रशने जाड थापावा, दोन-तीन मिलिमीटर तरी. घरातल्या रंगासारखा पुढे-मागे ओढू नये, एकाच दिशेने ठेवत जावे. मग संपूर्ण दस्ता स्वयंपाकघरातल्या क्लिंग फिल्मने गुंडाळून कडा दाबाव्यात. न गुंडाळलेला जेल दोन तासांत वाळतो आणि पुढे काही करत नाही. वीस अंशांच्या आसपासच्या हवेत मी तो संध्याकाळी लावतो आणि सकाळी उघडतो. भेगा होत्या त्या जागी थर पापुद्र्यासारखा उचललेला दिसतो, सपाट जागी तो बऱ्याचदा जसाच्या तसा असतो. हे अपेक्षितच आहे. कडा घासून गोल केलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने जेवढे सहज निघेल तेवढे काढावे, धातूचे पाते लावू नये, आणि दुसरा हात द्यावा. आर.के.डब्ल्यू.ला मला तीन रात्रींपेक्षा कमी कधी लागल्या नाहीत. तिसऱ्या रात्रीनंतरही जे चिकटून राहील ते रसायनाने काढण्याचा हट्ट धरू नये.

नंतर दस्ता मिनरल टर्पेन्टाइनच्या कापडाने दोन-तीनदा पुसावा, किंवा डब्यावर पाण्याने धुवायला सांगितले असेल तर ओल्या फडक्याने, आणि दोन दिवस सावलीत वाळू द्यावा. इथे स्टील वूल वापरू नये. त्याचे बारीक तुकडे अक्रोडाच्या छिद्रांत अडकतात आणि ओलावा मिळताच लोखंड व टॅनिन मिळून काळे डाग पडतात. हिरडा आणि हिराकस मिसळून पूर्वी शाई करत, तीच क्रिया इथे नको तिथे घडते. कृत्रिम धाग्यांचा पॅड वापरावा.

स्क्रेपर: खरे काम

उरलेला थर काढायला माझा भरवसा कार्ड स्क्रेपरवर आहे. हा तळहातात मावेल असा पातळ पोलादी पत्रा असतो, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा. महाराष्ट्रातले सुतार जुने पॉलिश काचेच्या ताज्या फुटलेल्या तुकड्याने खरवडतात, तत्त्व तेच. फरक इतकाच, की पत्र्याला धार पुन्हा पुन्हा लावता येते आणि वक्र जागेसाठी बोटांनी वाकवता येते.

धार लावणे शिकायला एक दुपार द्यावी. पत्रा व्हाइसमध्ये धरून कड कानशीने काटकोनात सपाट करावी, तेलाच्या दगडावर कड आणि दोन्ही बाजू घासून कानशीचे ओरखडे घालवावेत. मग कडक पोलादाची गुळगुळीत कांडी, किंवा स्क्रूड्रायव्हरचा गोल दांडा, तेलाचा थेंब लावून कडेवरून दाबून ओढावा. आधी पत्र्याला समांतर, नंतर किंचित तिरपा. कडेला अंगठ्याच्या नखाला जाणवेल एवढाच सूक्ष्म आकडा वळतो. लाकूड कापतो तो हा आकडा.

दस्ता चामडे लावलेल्या व्हाइसमध्ये हलका धरावा. पत्रा दोन्ही हातांत, अंगठे मध्यभागी मागून टेकवून थोडा फुगीर वाकवावा, पुढे झुकवावा आणि रेष्यांच्या दिशेने ढकलावा. आता काय निघते आहे ते पाहावे. फिनिश निघत असेल तर पांढरट, ठिसूळ चुरा उडतो, वाळलेल्या पाकाचे पापुद्रे चुरल्यासारखा, आणि पत्र्याखाली कोरडा करकर आवाज येतो. लाकडाला हात लागला, की आवाज एकदम मऊ होतो आणि तपकिरी, कागदाहून पातळ कुरळी सालपटे निघू लागतात. पहिले तपकिरी सालपट दिसताच त्या जागेवरून हात उचलावा. नुसती भुकटीच पडत राहिली तर आकडा बोथट झाला आहे. जोर वाढवू नये, पुन्हा धार लावावी. अक्रोडात गाठीजवळ रेष्यांची दिशा पलटते, तिथे पत्रा उलट दिशेने चालवावा, नाहीतर लाकूड फुटून उपटते.

गाल टेकवण्याच्या उंचवट्याखालची धार आणि पकडीचा अंतर्वक्र भाग या दोन जागा सगळ्यात जास्त वेळ खातात. पकडीसाठी हंसमानेच्या आकाराचा स्क्रेपर मिळतो, तो घ्यावा. उंचवट्याखालच्या धारेवर मी दोन्ही बाजूंनी धारेपर्यंत येतो आणि धारेवरून पत्रा कधीच ओलांडत नाही. ती रेघ एकदा पुसट झाली, की पाच फुटांवरूनही दस्ता हौशी हाताने केलेला दिसतो.

राहिलेले फिनिश दिसायला दिवा बाजूला, दस्त्याच्या पातळीत ठेवावा आणि लाकूड मिनरल टर्पेन्टाइनने ओले करावे. उघडे लाकूड गडद होते, थर राहिलेली जागा फिकट आणि चकाकती राहते. पेन्सिलीने खूण करून तेवढीच जागा खरवडावी.

चेकरिंगला, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या चौकटीच्या नक्षीला, स्क्रेपर आणि पॉलिश पेपर दोन्ही वर्ज्य. बीडीएलची नक्षी बऱ्याचदा मध्येमध्ये ओळ सोडून कोरलेली असते आणि तिची टोके नाजूक असतात. तिथे जेल लावून दात घासायच्या ब्रशने ओळींच्या दिशेने हळूहळू काढावा. खोलात थोडे फिनिश राहिले तर राहू द्यावे, नंतरच्या तेलात ते कळत नाही. नक्षीची चौकट काम सुरू असेतो चिकटपट्टीने झाकून ठेवावी, म्हणजे हात चुकला तरी ओरखडा आत जाणार नाही.

पोचे, तेल आणि पेपर

थर गेला की पोचे दिसतात. पोचा म्हणजे दबलेले रेषे. ओल्या सुती कापडाची घडी त्यावर ठेवून गरम इस्त्रीचे टोक दोन-तीन सेकंद टेकवावे. वाफ आत जाऊन रेषे फुगतात. चार-पाच वेळा केले तर बहुतेक पोचे वर येतात. कापले गेलेले रेषे मात्र वाफेने जुळत नाहीत, तो ओरखडा राहतो. पेपर मारण्याआधी हे करावे, कारण आधी पेपर मारून पोच्याची कड खाली आणली, की नंतर फुगलेला भाग उंच राहतो.

लोखंडाजवळचे लाकूड जुन्या बंदुकीच्या तेलाने काळे पडलेले असते. त्यावर खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून लापशीसारखी थापावी आणि उन्हात वाळू द्यावी. पूड तेल ओढून पिवळी होते. ती झटकून पुन्हा करावे. ॲसिटोनजवळ हीट गन किंवा कसलीही ठिणगी नको.

आता पेपर, तोही रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, नुसत्या बोटांनी कधीच नाही. १८० नंबरच्या पेपरने स्क्रेपरच्या खुणा, मग २२०, मग ३२०. मागच्या टोकाला जुने पॅड टेप गुंडाळून पुन्हा बसवावे आणि पॅडसकट घासावे, म्हणजे कडा गोल होत नाहीत. पहिल्या दस्त्यावर मी हेच केले नव्हते. लोखंड बसते त्या खाचेच्या वरच्या कडा आणि आतला भाग यांना पेपर लावूच नये. तिथे लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच असते आणि तसेच राहायला हवे. शेवटी ओलसर फडका फिरवून लाकडाची लव उठवावी, वाळल्यावर ३२० चा एक हलका हात द्यावा. दोनदा केले की लव उठायची थांबते.

नवे फिनिश

ज्यांना पुन्हा चकाकी हवी त्यांनी बर्चवूड केसीचे ट्रू-ऑइल घ्यावे. जवसाच्या तेलावर आधारलेले हे तयार मिश्रण बंदुकांसाठीच विकले जाते. मला साधे जवसाचे तेल आवडते, रंगाच्या दुकानांत ज्याला बेलतेल म्हणतात ते, पण ‘बॉइल्ड’, कारण कच्चे आठवडेच्या आठवडे वाळत नाही. ते पाण्याला कमी अडवते. मात्र ओरखडा पडला तर दोन थेंब चोळून तेवढीच जागा दुरुस्त होते, आणि त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. पहिले दोन हात ४०० च्या पेपरने तेलातच घासावेत, म्हणजे निघणारी लाकडाची पेस्ट अक्रोडाच्या उघड्या छिद्रांत बसते. पुढचे हात तळहाताने, चमचाभर तेलात, ऊब जाणवेपर्यंत चोळावेत आणि जादा तेल पुसून घ्यावे. दोन हातांत किमान एक दिवस जाऊ द्यावा. आठ-दहा हात झाले की पुरे. नळीची पन्हळ, पॅडखालचे उघडे लाकूड आणि स्क्रूची भोके यांनाही दोन हात द्यावेत. कारखाना या जागा बऱ्याचदा कोऱ्या सोडतो आणि दमट हवेत लाकूड तिथूनच पाणी पिऊन वाकते.

तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नयेत. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते आणि त्यात उष्णता निघते. चुरगळलेल्या फडक्यात ती अडकते आणि ठिणगीशिवाय आग लागते. प्रत्येक फडके बाहेर दोरीवर एकेरी वाळत घालावे, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावे. ही सूचना मी प्रत्येकाला हातात तेल देण्यापूर्वी सांगतो.

शेवटच्या हातानंतर दस्ता दोन आठवडे टांगून ठेवावा. नखाने दाबून खूण उमटत नाही असे झाले, की लोखंड बसवावे आणि स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, लाकूड दबेल इतके नव्हे. नळीखाली पन्हळीतून कागदाची पट्टी फिरवून पाहावी. पूर्वी ती जिथवर मोकळी सरकत होती तिथवर आताही सरकली पाहिजे. मग परवानगी असलेल्या रेंजवर जाऊन नेम पुन्हा बसवून घ्यावा, कारण दस्ता उतरवून चढवला की तो थोडा तरी हलतोच.